कर्बाचा फेरफार

प्रति,
पॅरिस कराराच्या अंमलबजावणीसाठीचं राष्ट्रीय नियुक्त प्राधिकरण,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
नवी दिल्ली.

विषय : आमच्या वावरातल्या कर्बाची नोटीस चावडीवर लावण्याबाबत.

महोदय,

वर लिहिलेलं तुमचं नाव एका दमात म्हणता येत नाही. आमच्या वऱ्हाडात एवढी लांब नावं टिकत नाहीत. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं 'पीकेव्ही' करून आम्ही केव्हाच मोकळे झालो. तसं तुमचंही एक नाव मी माझ्यापुरतं ठेवलं आहे : कर्बाचा तलाठी.

रागावू नका. मंत्री गावात निवडणुकीला येतो, कलेक्टर पूर आला तर येतो. पण वावर कुणाचं, हे तलाठ्याच्या दप्तरावरून ठरतं. सरकारनं आता त्याला ग्राम महसूल अधिकारी असं नाव दिलंय, लोक तलाठीच म्हणतात. तुमचं कामही त्याच जातीचं आहे. या देशात वाचवलेला किंवा जमिनीत मुरवलेला कर्ब कुणाच्या नावावर लागायचा, ते तुमच्या सहीनं ठरतं.

मी दर्यापूर तालुक्यातला एक खातेदार. आमचं वावर पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा वरून काळाभोर आणि खाली खारा. विहिरीचं पाणी पिकाला द्यावं तर जमीनच बिघडते, म्हणून सगळी भिस्त पावसावर. कापूस, तूर, सोयाबीन, मूग आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हातातली काठी आत जावी. या भेगांमधून काय बाहेर जातं आणि आत काय राहतं, याला बाजारभाव आहे हे मला मागच्या फाल्गुनापर्यंत माहीत नव्हतं.

कापसाची वेचणी संपून उलंगवाडी झाली होती. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग लावला होता. एक तरुण मोटारसायकलवर आला. अकोटकडचा, शेतीची पदवी घेतलेला, एका कंपनीचा प्रतिनिधी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एका कंपनीपुरता नाही. त्यानं टॅब काढला आणि धुऱ्याधुऱ्यानं चालत वावराची चतुःसीमा त्यावर आखली. मग सावलीत बसून समजावलं : काका, पऱ्हाट्या जाळू नका, यंत्रानं बारीक करून मातीत घाला. नांगरट कमी करा. धुऱ्यावर झाडं लावा. त्यानं जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढेल, वाढलेल्या कर्बाचं क्रेडिट होईल, ते बाहेर विकलं जाईल आणि पैसे तुमच्या खात्यात.

आई बाजेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "हवा विकाची हाये काय रे बापा? मोजीन कोन?"

पोरगा हसला. चांगला होता, फसवायला आलेला वाटत नव्हता. त्याला महिन्याला अमुक इतके एकर भरायचे होते. कागद चौदा पानांचा, इंग्रजीत. मुदत वीस वर्षं. सही फक्त माझी हवी होती.

आता आमच्या सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव नाही. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आई, मी आणि अकोल्याला दिलेली बहीण, अशी तिघांची नावं लागली. शिवाय त्यातली दोन एकर गावातल्याच एकाला मक्त्यानं दिलेली. त्या दोन एकरांतल्या पऱ्हाट्या तो उपटतो, त्या मातीत घालायच्या तर घाम त्याचा जाणार. हे सगळं सांगितलं तर पोरगा म्हणाला, "त्याचं काही नाही काका, तुमची सही चालते."

जमिनीच्या व्यवहारात 'त्याचं काही नाही' हे वाक्य कानावर आलं की आमच्याकडे माणूस जागा होतो. मी कागद ठेवून घेतला. सही केली नाही. मग वाचायला लागलो, आणि वाचता वाचता तुमच्या दारापर्यंत आलो.

तुमचं काम मला फेरफाराच्या वाटेनं समजलं. २०१५ च्या पॅरिस कराराच्या सहाव्या कलमानं देशांना आपसात कर्बाचा व्यवहार करायची मुभा दिली. २०२१ मध्ये ग्लासगोला त्याचे मुख्य नियम ठरले. आपण एक टन उत्सर्जन टाळलं आणि तो टन दुसऱ्या देशाला विकला, तर तो आपल्या हिशेबातून काढायचा आणि घेणाऱ्याच्या हिशेबात चढवायचा. तोच टन दोघांनी आपापल्या पराक्रमात मोजायचा नाही. आमच्याकडे एकच कापूस दोन अडत्यांकडे दाखवणाऱ्याला काय म्हणतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही. वावर विकलं की सातबाऱ्यावर विकणाऱ्याच्या नावाला कंस होतो आणि घेणाऱ्याचं नाव लागतं. तसाच हा देशाच्या पातळीवरचा कंस. तो कोणत्या प्रकल्पासाठी करायचा आणि कोणत्या नाही, हे ठरवण्यासाठी ३० मे २०२२ च्या अधिसूचनेनं तुमची स्थापना झाली. अध्यक्षस्थानी पर्यावरण सचिव.

पण या घराण्यातले तुम्ही पहिले नव्हेत. तुमच्या आधी एक थोरला होता आणि त्याचं दप्तर चाळल्याशिवाय तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१९९७ च्या क्योटो करारानं श्रीमंत देशांना सवलत दिली होती की आपल्याकडे उत्सर्जन कमी करणं महाग पडत असेल तर गरीब देशांतल्या प्रकल्पात पैसे घाला आणि तिथली बचत आपल्या नावावर धरा. अट अशी की यजमान देशात एक प्राधिकरण असावं आणि त्यानं प्रकल्प आमच्या शाश्वत विकासाला हातभार लावतो असं पत्र द्यावं. भारतानं तो करार ऑगस्ट २००२ मध्ये स्वीकारला आणि डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ विकास यंत्रणा प्राधिकरण नेमलं. पर्यावरण सचिव अध्यक्ष. सोबत परराष्ट्र, वित्त, उद्योग धोरण, अपारंपरिक ऊर्जा, वीज आणि नियोजन आयोग यांचे सचिव. गरज पडली तर बाहेरच्या जाणकारांना बोलावण्याची सोय होती. पण सदस्यांच्या यादीत कृषी सचिव नव्हते. ज्या देशात निम्म्याच्या आसपास माणसं शेतीवर जगतात, त्या देशाच्या विकासाला हातभार लागतो की नाही, हे ठरवायला बसलेल्या पंगतीत शेतीचं पान वाढलेलं नव्हतं.

त्या पंगतीतून पत्रं भराभर निघाली. दीड हजारांहून जास्त भारतीय प्रकल्प नोंदले गेले. संख्येत चीनच्या खालोखाल आपण. पवनचक्क्या, साखर कारखान्यांची वीज, सिमेंट. आणि सगळ्यांत जास्त मलई कशावर? शीतकरणाचा वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. त्याचा एक टन हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांएवढा धरत. म्हणजे कारखान्यानं तो एक टन जाळला की ११,७०० क्रेडिटं. आपल्याकडे गुजरात-राजस्थानातल्या अशा प्रकल्पांनी सुरुवातीलाच नंबर लावला. पुढे जगभर शंका आली की मुख्य मालापेक्षा त्याचा कचरा जाळण्यात पैसा जास्त असल्यावर कारखाने कचऱ्यासाठीच माल काढत असतील. अखेर युरोपीय संघानं २०१३ पासून ही क्रेडिटं घेणंच बंद केलं.

कापसाच्या गाडीवर रातोरात पाणी मारून वजन वाढवणारे आम्ही पाहिलेले आहेत. हे त्याचंच मोठं रूप. मंजुरी देणाऱ्यांनी काही बेकायदा केलं असं माझं म्हणणं नाही. कागद नीट होते. पण कागदावर जो रकाना नव्हता, तो प्रश्न कुणी विचारला नाही.

मग भाव पडला. २००८ मध्ये वीस युरोंच्या वर गेलेलं क्रेडिट २०१२ सरताना एका युरोच्याही खाली आलं. कापसाचे पडलेले भाव आम्ही जन्मभर पाहतोय, पण एवढी आपटी कापसालाही कधी आठवत नाही. हे मी वीस वर्षांच्या कागदावर सही मागणाऱ्या त्या पोरासाठी लिहितोय. त्याच्या चौदा पानांत भाव पडला तर काय, याचं उत्तर नव्हतं.

आता तुमच्या कामाकडे येतो. १७ फेब्रुवारी २०२३ ला तुमच्या मंत्रालयानं जाहीर केलं की सहाव्या कलमाखाली परदेशाशी व्यवहार करायला कोणती कामं पात्र. यादीत तेरा नावं. साठवणुकीसह अपारंपरिक वीज, सौर उष्णता, समुद्रातली पवनऊर्जा, हरित हायड्रोजन, हरित अमोनिया, संपीडित बायोगॅस, विमानाचं शाश्वत इंधन, कार्बन पकडून पुरण्याचं तंत्र वगैरे. मी यादी दोनदा वाचली. त्यात वावर नाही. जंगल नाही. चूल नाही. बायोगॅसच्या फटीतून आमचा काडीकचरा आत डोकावू शकेल, एवढंच.

आधी राग आला. मग विचार केला तेव्हा तुमचं म्हणणं पटलं, ते कबूल करतो. स्वस्तात होणारी कामं परदेशाला विकून टाकली तर उद्या आपल्या स्वतःच्या शब्दाला जागायला महागडी कामंच उरतील. २०३० पर्यंत झाडाजंगलांतून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषून घेऊ, असा शब्द देशानं जगाला दिला आहे. घरात लागणारी ज्वारी बाजारात न्यायची नसते, हे आईला कुणी शिकवावं लागलं नाही. तुम्ही जंगल आणि माती यादीबाहेर ठेवली ती त्याच शहाणपणानं.

पण महोदय, अडचण इथूनच सुरू होते. तुमच्या यादीत आम्ही नाही, म्हणून बाजारातही नाही, असं झालेलं नाही. कंपन्या स्वेच्छेनं जी क्रेडिटं घेतात त्यांना देशाच्या हिशेबातला तो कंस लागतोच असं नाही, म्हणून त्यांना तुमचं पत्र लागत नाही. तो पोरगा माझ्या धुऱ्यावर आला तो याच बाजारातून. दिल्लीत पहिलं दार तुमचं. दुसरं वीज मंत्रालयाचं : २०२३ ची कार्बन क्रेडिट व्यापार योजना, ऊर्जा दक्षता ब्युरोच्या देखरेखीखाली. तिसरं कृषी मंत्रालयाचं : शेतीतल्या स्वेच्छा कार्बन बाजाराचा आराखडा, जानेवारी २०२४. आणि चौथं तुमच्याच मंत्रालयाचं हरित क्रेडिट, ऑक्टोबर २०२३. चार दारं, चार पाट्या. आमच्या गावातून चारही दिल्लीत दिसतात, आणि धुऱ्यावर उभा आहे तो टॅबवाला पोरगा.

आता धुऱ्यावरचाच हिशेब मांडतो. तुम्ही अब्जांत मोजता, मी एका एकरात.

एका एकरातला मातीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर वजनानं साधारण ८०० टन भरतो. मी नमुना तपासून घेतला तेव्हा माझ्या जमीन आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के आला. काळ्या जमिनीचा रंग पाहून भुलू नका, कर्ब पोटात फार नसतो. समजा पाच वर्षं पऱ्हाट्या, कुटार, शेणखत घालून मी तो ०.१ टक्क्यानं वाढवला. ८०० टनांचा ०.१ टक्का म्हणजे ८०० किलो कर्ब. तो कार्बन डायऑक्साइडमध्ये मांडायला ४४ भागिले १२ नं गुणायचं : जवळपास २.९ टन. टनाला ८०० रुपये भाव धरू. एकरी २,३०० रुपये, तेही पाच वर्षांचे. वर्षाला ४६०. यातून मोजणी, तपासणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा वजा व्हायचा आहे. किलोला दहा रुपये वेचाई धरली तर ४६ किलो कापूस वेचण्याची मजुरी; एका बाईचा भर हंगामातला एक दिवस. एवढ्यासाठी वीस वर्षं वावर बांधून द्यायचं.

आणि वीस वर्षांत वावरात काय काय होतं? २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला. अर्धवट उमललेल्या बोंडांत ती अळी लपून राहते, म्हणून तेव्हापासून कृषी खातं घसा कोरडा करतंय की हंगाम सरल्यावर तोच कापूस राखून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर ठेवू नका. बारीक करून मातीत घातल्या तर बोंडअळीचंही भागतं आणि कर्बाचंही, हे खरं. पण यंत्र भाड्यानं मिळालं नाही, वळवाचा पाऊस आडवा आला, त्या वर्षी मी ढीग पेटवला, तर करार मोडला का? बहीणभावांत वाटणी झाली तर? मक्तेदार बदलला तर? कर्ब टिकला पाहिजे, ही अट मला समजते. वाऱ्यावर उडून जाणाऱ्या मालाचे पैसे कुणी का द्यावेत? पण टिकवण्याची जोखीम सगळी माझ्या पदरात आणि भाव पडण्याचीही माझ्याच, हा कोणता बाजार?

सहीआधीचे हे प्रश्न फक्त माझे नाहीत. ते दर्यापुरातून वर परतवाड्याकडे नेले की आणखी गुंततात.

गाविलगडाच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात पायविहीर नावाचं गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तिथल्या ग्रामसभेला २०१२ मध्ये १९३ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. जंगल म्हणायचं ते कागदावर. जमीन उघडी पडली होती. 'खोज' संस्थेच्या साथीनं आणि रोजगार हमीच्या कामांतून गावानं तिथं झाडं लावली, पाणी अडवलं, चराईला आणि कुऱ्हाडीला नियम घातले. तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली. २०१४ चा भारत जैवविविधता पुरस्कार त्या गावाला मिळाला.

आता त्या १९३ हेक्टरांवर उभ्या झालेल्या कर्बाचं काय? क्रेडिटच्या बाजारात पहिला प्रश्न असतो : आमचे पैसे आले नसते तर हे काम झालं असतं का? पायविहीरनं ते आधीच केलं. म्हणून ते 'जादा' नाही, म्हणून ते विकाऊ नाही. ज्यानं जंगल राखलं त्याचा हात रिकामा, आणि ज्याचा माळ अजून उजाड आहे तो पात्र. व्यवहाराच्या नियमानं हे बरोबरच आहे. झालेल्या कामाचं नवं क्रेडिट विकलं तर घेणाऱ्याच्या धुराड्यातून तेवढाच नवा धूर निघणार आणि हवेत काहीच कमी होणार नाही. मग क्रेडिट नका देऊ. पण देश आपल्या अडीच-तीन अब्ज टनांच्या शब्दात जंगलं मोजेल तेव्हा पायविहीरचीही झाडं त्यात धरेल ना? खातं देशाचं भरणार असेल तर मोबदला देशानं द्यावा. विकत नाही म्हणून फुकट, असं कुठं असतं?

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तिथं तुमच्या आधी एक प्राधिकरण बसलेलं आहे. त्याला चपराशी नाही, पाटी नाही, ते झाडाखाली बसतं. पण संसदेनं केलेल्या कायद्यानंच त्या ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि त्याची व्यवस्था करण्याचा हक्क दिला आहे. उद्या तुमची यादी बदलून वनीकरण आत आलं, तर मंजुरीच्या फाइलवर पहिली सही दिल्लीची असेल की त्या सभेची?

हा प्रश्न वऱ्हाडानं विचारावा याला कारण आहे. दूरच्या गरजेसाठी आमच्या दारात बाजार बसवण्याचा प्रयोग आमच्यावर आधी झालेला आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साहेबाला वऱ्हाड आठवलं. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, कापूस कमिशनर नेमला गेला. १८७० मध्ये खामगावला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येऊन रेल्वेचा फाटा आणि कापूस बाजार उघडून गेला. भाव लिव्हरपूलला ठरे, तारेनं इथं येई. यादवी त्याआधीच संपून भाव कोसळला होता. सावकाराचं व्याज कोसळलं नाही. १८८६ मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार बसला. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा झाला. अशा प्रकारचा तो देशातला पहिला. शाळेत आम्हाला हे अभिमानानं शिकवलं. त्यातलं अर्धं शिकवायचं राहिलं. तो कायदा झाला तो गिरण्यांना स्वच्छ माल वाजवी भावात मिळावा म्हणून. बाजारात शेतकऱ्याशी व्यवहार न्यायाचा व्हावा, हा हेतू धरून कायदा यायला १९२७ उजाडलं, आणि तोही मुंबई इलाख्यात. मधली तीस वर्षं काटा होता, कुंपण होतं, समिती होती, नियम होते. ज्याची गाडी काट्यावर उभी होती, त्याच्या बाजूनं मात्र काही लिहिलेलं नव्हतं.

महोदय, तुमची अधिसूचना मला १८९७ सारखी वाटते. माल शुद्ध आहे का, मोजमाप बरोबर आहे का, दोनदा विकला गेला नाही ना, हे तुम्ही पाहता. घेणाऱ्याला हे सगळं हवंच असतं. माझी विनंती एवढीच आहे की १९२७ साठी आम्हाला पुन्हा तीस वर्षं थांबायला लावू नका. तेरा कामांची यादी सुरुवातीच्या तीन वर्षांसाठी आहे, पुढे ती बदलता येईल, असं जाहीर करताना तुम्हीच म्हटलं होतं. यादी पुन्हा उघडाल तेव्हा नावं वाढवण्याआधी नियम वाढवा.

नियम नवे शोधायचीही गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं १५० वं कलम उघडा. फेरफाराची नोंद घेतली की तलाठी तिची प्रत चावडीवर लावतो. ज्यांचा ज्यांचा संबंध, त्या सगळ्यांना नोटीस जाते. पंधरा दिवस हरकतीला असतात. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत चढते, ऐकली जाते, आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या पद्धतीत लाच चालते, उशीर होतो, नोटीस कधी कधी चावडीऐवजी तलाठ्याच्या पिशवीतच राहते, हे सगळं आम्हाला माहीत आहे. तरीही आमच्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर टिकलं ते याच पंधरा दिवसांमुळे.

कर्बालाही एवढंच लावा. कोणत्याही गावातला प्रकल्प मंजूर करण्याआधी त्याची नोटीस मराठीत, एका पानाची, पंधरा दिवस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला आणि जो प्रत्यक्ष वाहतो त्या मक्तेदाराला तिची प्रत. सामूहिक हक्काचं जंगल असेल तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय फाइल पुढे नाही. अडत्या जशी हिशेबपट्टी देतो तशी पट्टी खातेदाराच्या हातात : किती टन धरले, काय भावानं विकले, कोणाला, मोजणीचे किती कापले, तुमचे किती. आणि चार दारांना व स्वेच्छा बाजाराला मिळून नोंदवही एकच, म्हणजे स्वेच्छा बाजारातल्या कंपनीला तुमच्या मंजुरीची गरज नसली तरी नोंदीतून सुटका नाही. नोंदच नसेल तर माझं तेच वावर दोन कंपन्यांच्या टॅबवर चढलेलं आहे की नाही, हे तुम्हाला तरी कसं कळणार?

गाडगेबाबा आमच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्यांना प्रश्न विचारणं. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. तेवढी मुभा मीही घेतो. पारसला आणि नांदगाव पेठेला कोळशावर वीज होते, त्या चिमण्यांचा धूर आम्ही पाहिलेला आहे. कुठल्या तरी दूरच्या चिमणीचा असाच धूर माझ्या मातीत पुरायचा, असा हा व्यवहार. पुरणाऱ्याला विचारलं का? किती दिलं? त्याच्या बायकोचं, बहिणीचं नाव कागदावर आहे का? तो उद्या मेला तर करार कुणाच्या गळ्यात? उत्तरं तुमच्याकडे असतील तर ती दिल्लीत ठेवू नका.

पोराचा फोन नंतर दोनदा आला. दुसऱ्या वेळी म्हणाला, काका, शेजारच्या गावात दीडशे जणांनी सह्या केल्या, तुम्हीच मागे राहिलात. त्याची नोकरी माझ्या सहीवर अडली असेल तर वाईट वाटतं. या वर्षी पऱ्हाट्या मी यंत्रानं बारीक करून मातीत घातल्या, मक्तेदाराला निम्मा खर्च दिला. क्रेडिटसाठी नाही, बोंडअळीसाठी आणि ०.४५ साठी.

ती चौदा पानं आईनं देवळीत ठेवली आहेत, बाबांच्या जुन्या इसारपावतीवर. त्या पावतीचं वावर शेवटी आमच्या नावावर लागलंच नाही. इसार देणारा गेला, घेणारा गेला, कागद राहिला. परवा तिला हे पत्र वाचून दाखवलं. बरंचसं तिला कळलं नाही. तुमचं नाव तर अजिबात नाही. पंधरा दिवसांच्या नोटिशीपाशी आलो तेव्हा मात्र तिनं चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "चावडीवर लागीन तवा पाहू."

कळावे.

आपला,
एक खातेदार,
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती